सायकल-अजिंक्यपद स्पर्धा, जागतिक (रस्ता)

राष्ट्रीय संघांच्या वतीने उतरणाऱ्या सायकलपटूंची रस्त्यावरील वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ ही संस्था दर वर्षी निरनिराळ्या देशांत ती भरविते. वर्षाचा बहुतेक काळ सायकलपटू व्यापारी प्रायोजकांनी चालविलेल्या संघांतून शर्यती खेळतात. या स्पर्धेत मात्र ते आपापल्या देशाचा गणवेश घालून धावतात. त्यामुळे कोणते राष्ट्र या खेळात श्रेष्ठ, याचा निर्णय लावण्यासाठी याच स्पर्धेचा आधार सर्वसाधारणपणे घेतला जातो. हा आधार उपयुक्त असला, तरी तो वाटतो तितका सरळ नाही. विजेतेपद एकाच व्यक्तीस मिळते, ते मिळवून देण्यास संपूर्ण संघ खपतो आणि त्या संघातील खेळाडू एरवी परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात. राष्ट्रांच्या तुलनेचा विचार करताना या तीनही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

इतिहास : आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची स्थापना १९०० मध्ये पॅरिस येथे झाली. बेल्जियम, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे संस्थापक सदस्य होत. रस्त्यावरील पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत १९२१ मध्ये कोपनहेगन येथे झाली. ती केवळ हौशी खेळाडूंसाठी होती व तीत स्वीडनचा गुन्नार स्कोल्ड विजयी झाला. व्यावसायिक खेळाडूंची पहिली शर्यत १९२७ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे घेण्यात आली. तीत पहिले चारही क्रमांक इटलीने पटकाविले आणि आल्फ्रेदो बिंदा (१९०२–८६) हा पहिला व्यावसायिक जगज्जेता ठरला. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ ते १९४५ या काळात या शर्यती झाल्या नाहीत. महिलांची शर्यत १९५८ मध्ये फ्रान्समधील रँस येथे सुरू झाली व पहिले अजिंक्यपद लक्झेंबर्गसारख्या लहान देशाच्या एल्सी याकोब्स हिने जिंकले. वैयक्तिक कालमापन शर्यतीचा (ठरावीक अंतर एकट्याने कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतीचा) समावेश १९९४ पासून झाला. हौशी व व्यावसायिक हा भेद १९९६ मध्ये नाहीसा होऊन हौशी खेळाडूंच्या शर्यतीच्या जागी तेवीस वर्षांखालील खेळाडूंची शर्यत आली.

स्वरूप व नियम : मुख्य शर्यतीत सर्व स्पर्धक एकाच वेळी निघतात व निश्चित केलेल्या मार्गावर अनेक फेऱ्या मारतात. पुरुषांचे अंतर सामान्यतः २५० कि.मी.हून अधिक असते. जो प्रथम अंतिम रेषा ओलांडील तो जगज्जेता. त्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळा, तांबडा, काळा, पिवळा व हिरवा असे पाच आडवे पट्टे असलेला सदरा मिळतो व पुढील वर्षभर त्या प्रकारच्या शर्यतींत तो परिधान करण्याचा मान त्याचाच असतो.

पुढे चालणाऱ्या सायकलपटूच्या आडोशाने मागच्यास वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो व त्याची शक्ती वाचते. संघभावनेचे सर्व डावपेच या एका भौतिक नियमातून निर्माण झालेले आहेत. संघातील सहकारी नायकास आडोसा देतात, त्याच्यासाठी पाणी आणतात, पुढे निसटलेल्यांचा पाठलाग करतात आणि बहुधा शर्यतीच्या अखेरीपूर्वीच थकून मागे पडतात. त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत येत नाहीत. म्हणूनच संघ किती मोठा आहे, याला फार महत्त्व असते. सर्व राष्ट्रांना समान जागा दिल्या जात नाहीत. खेळाडूंनी वर्षभरात मिळविलेल्या गुणांवरून राष्ट्रांची क्रमवारी ठरते व त्या क्रमवारीनुसार जागांचे वाटप होते. अलीकडील नियमांनुसार पुरुषांच्या मुख्य शर्यतीत पहिल्या दहा राष्ट्रांना प्रत्येकी आठ, त्यांच्या खालच्या गटांना सहा वा चार, तर आणखी खालच्या राष्ट्रांना केवळ एक जागा मिळते. कालमापन शर्यतीत मात्र मोठ्या राष्ट्रांनाही सामान्यतः दोनच खेळाडू उतरविता येतात. व्यापारी संघांच्या मोठ्या शर्यतींत व्यवस्थापक रेडिओवरून सूचना देतात, तशी मुभा या स्पर्धेच्या मुख्य शर्यतीत नसते. त्यामुळे संघातील खेळाडूंची आपापसांतील समज अधिकच मोलाची ठरते.

पुरुषांची मुख्य शर्यत : १९२७ पासून २०२५ अखेर ही शर्यत ९२ वेळा झाली. त्यांपैकी २७ अजिंक्यपदे बेल्जियमने, १९ इटलीने, १० फ्रान्सने, ८ नेदर्लंड्सने व ६ स्पेनने मिळविली. स्वित्झर्लंड, अमेरिका व स्लोव्हाकिया यांची प्रत्येकी तीन, जर्मनी, ग्रेट ब्रिटन व स्लोव्हेनिया यांची प्रत्येकी दोन, तर आयर्लंड, लाटव्हिया, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, पोर्तुगाल, पोलंड व डेन्मार्क यांचे प्रत्येकी एक अजिंक्यपद आहे. म्हणजे एकूण अठरा राष्ट्रांपैकी पहिल्या पाचांच्या वाट्यास तीन-चतुर्थांशांहून अधिक विजय आलेले आहेत.

ही एकत्रित बेरीज मात्र दोन भिन्न कालखंड एकत्र करते. १९२७ ते १९८२ या काळातील ४९ शर्यती केवळ सात राष्ट्रांनी जिंकल्या आणि ती सर्व पश्चिम यूरोपातील होती : बेल्जियम २१, इटली ११, फ्रान्स व नेदर्लंड्स प्रत्येकी ६, स्वित्झर्लंड व पश्चिम जर्मनी प्रत्येकी २ आणि ग्रेट ब्रिटन १. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड याने १९८३ मध्ये स्वित्झर्लंडमधील आल्टेनऱ्हाइन येथे विजय मिळविला. यूरोपबाहेरील खेळाडूचा हा या शर्यतीतील पहिलाच विजय होय. १९८३ ते २०२५ या काळातील ४३ शर्यती सतरा राष्ट्रांत वाटल्या गेल्या. त्यांत इटलीचे ८, बेल्जियम व स्पेन यांचे प्रत्येकी ६ विजय आहेत. स्पेनची गोष्ट विशेष लक्षणीय आहे. फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकणारे फेदेरिको बाहामोन्तेस (१९५९) व लुईस ओकान्या (१९७३) यांच्यासारखे खेळाडू असूनही १९९४ पर्यंत स्पेनला ही शर्यत एकदाही जिंकता आली नव्हती. त्यानंतरच्या एका पिढीत मात्र त्याने सहा अजिंक्यपदे मिळविली व त्यांतील तीन एकट्या ऑस्कर फ्रेइरे याची (१९९९, २००१ व २००४) आहेत. याउलट, इटलीस २००८ नंतर २०२५ पर्यंत एकही विजय मिळालेला नाही.

ही शर्यत तीनपेक्षा अधिक वेळा कोणीही जिंकलेली नाही. तीन वेळा जिंकणारे पाच खेळाडू बिंदा (१९२७, १९३० व १९३२), बेल्जियमचे रिक व्हान स्टेनबर्गेन (१९४९, १९५६ व १९५७) व एडी मर्क्स (१९६७, १९७१ व १९७४), स्पेनचा फ्रेइरे आणि स्लोव्हाकियाचा पेटर सागान (२०१५–१७) हे होत. सागानने ओळीने तीन विजय मिळविले. स्लोव्हाकियाची तीनही अजिंक्यपदे त्याच्या एकट्याची असून स्लोव्हेनियाची दोन्ही अजिंक्यपदे (२०२४ व २०२५) तादेय पोगाचार याची आहेत. बेल्जियमची सत्तावीस अजिंक्यपदे मात्र अनेक पिढ्यांतील सु. वीस खेळाडूंत विभागलेली आहेत. तेव्हा एका असामान्य व्यक्तीचा उदय आणि एखाद्या देशातील खेळाची खोलवर रुजलेली परंपरा या दोन वेगळ्या बाबी असून पदकांची संख्या त्यांतील भेद दाखवीत नाही.

महिलांच्या शर्यती : महिलांच्या शर्यतींत राष्ट्रांचा क्रम प्रारंभापासूनच निराळा राहिला. पुरुषांच्या मुख्य शर्यतीत ज्या देशांना दीर्घकाळ स्थान नव्हते, अशा सोव्हिएट रशिया, पूर्व जर्मनी, अमेरिका, स्वीडन इ. देशांच्या खेळाडू येथे विजयी झाल्या. ग्रेट ब्रिटनच्या बेरील बर्टन हिने १९६० व १९६७ मध्ये, तर फ्रान्सच्या जानी लाँगो हिने १९८५ ते १९९५ या काळात पाच वेळा मुख्य शर्यत जिंकली. १९९८ ते २००१ या चार वर्षांत लिथुएनिया या छोट्या देशाने तीन अजिंक्यपदे मिळविली.

२०१० नंतर नेदर्लंड्सचे वर्चस्व ठळकपणे दिसू लागले. २०१७ ते २०२० या चारही वर्षी विजेती डच होती : शांताल ब्लाक (२०१७), आन्ना व्हान डर ब्रेखन (२०१८ व २०२०) आणि आनेमीक व्हान फ्ल्यूटेन (२०१९). व्हान फ्ल्यूटेन हिने २०२२ मध्येही विजय मिळविला. त्याआधी मारिआन फोस हिने २००६, २०१२ व २०१३ मध्ये अजिंक्यपद मिळविले, मात्र २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे तिला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. बेल्जियमच्या महिलांना १९७३ नंतर थेट २०२३ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाने, लॉटे कोपेकी हिच्या रूपाने अजिंक्यपद लाभले व २०२४ मध्ये तिने ते राखले. पुरुषांच्या खेळाची परंपरा समृद्ध असली, म्हणजे महिलांच्या खेळासही आपोआप बळ मिळते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कालमापन शर्यत : या शर्यतीत आडोशाचा व संघाचा प्रश्न उरत नाही. खेळाडूचे स्वतःचे सामर्थ्य, शरीराची ठेवण आणि सायकलीची तांत्रिक सिद्धता यांवरच निकाल अवलंबून असतो. साहजिकच राष्ट्रांचा क्रम पूर्णपणे बदलतो. १९९४ ते २०२५ या काळातील पुरुषांच्या ३२ अजिंक्यपदांपैकी जर्मनीने ७, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रेलिया यांनी प्रत्येकी ५ मिळविली. जर्मनीस मुख्य शर्यतीत १९६६ नंतर विजय मिळालेला नाही आणि ऑस्ट्रेलियाचा तेथे एकच विजय (२००९) आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मुख्य शर्यत एकोणीस वेळा जिंकणाऱ्या इटलीच्या नावावर येथे केवळ दोन विजय आहेत. बेल्जियमचे तीनही विजय (२०२३–२५) रेमको एव्हेनेपूल या एकाच खेळाडूचे आहेत. रस्त्याच्या शर्यतींची दाट परंपरा असलेले देश मुख्य शर्यतीत, तर शास्त्रीय प्रशिक्षण व धावपट्टीवरील सायकलिंग यांवर भर देणारे देश कालमापन शर्यतीत पुढे असल्याचे बऱ्याच अंशी आढळते.

राष्ट्रनिष्ठा व व्यापारी संघ : जगज्जेत्याचा सदरा देशाच्या संघातून धावून मिळविला जातो, परंतु वर्षभर तो व्यापारी संघाच्या शर्यतींत, प्रायोजकाच्या नावासह घातला जातो. खेळाडूचे वेतनही तोच संघ देतो. त्यामुळे एकाच देशाच्या दोन नायकांत चुरस निर्माण झाल्याची उदाहरणे या स्पर्धेच्या इतिहासात वारंवार आढळतात. १९४८ मध्ये नेदर्लंड्समधील व्हाल्कनबर्ख येथे इटलीचे फाउस्तो कोप्पी (१९१९–६०) व जीनो बार्ताली (१९१४–२०००) हे परस्परांवरच नजर ठेवीत मागे राहिले आणि शर्यत सोडून गेले. इटालियन संघटनेने त्या दोघांनाही काही काळ निलंबित केले. १९६३ मध्ये बेल्जियममधील रोन्स येथे घरच्या प्रेक्षकांसमोर संघनायक रिक व्हान लोय याला त्याचाच सहकारी बेनोनी बेहेट याने अंतिम रेषेवर मागे टाकले. १९८२ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे अमेरिकेचा जोनाथन बॉयर पुढे निसटला असता त्याच्याच देशाच्या लेमाँडने त्याचा पाठलाग केला व शर्यत इटलीच्या जुझेप्पे सारोन्नी याने जिंकली.

संघ एकदिलाने खेळल्यास काय साधते, याचेही दाखले तितकेच बोलके आहेत. १९६० मध्ये पूर्व जर्मनीतील साक्सेनरिंग येथे हौशी खेळाडूंच्या शर्यतीत लोकप्रिय गुस्ताव्ह-आडोल्फ शूर हा सलग तिसऱ्या विजयाच्या उंबरठ्यावर होता. त्याचा सहकारी बर्नहार्ट एकश्टाइन पुढे गेला, तेव्हा बेल्जियमचा विली व्हांडेनबर्घेन शूरच्याच हालचालीची वाट पाहत राहिला. शूर जागचा हलला नाही आणि एकश्टाइन जगज्जेता झाला. शूर दुसरा आला. १९९५ मध्ये कोलंबियातील दुइतामा येथे स्पेनच्या आब्राहाम ओलानोने मुसंडी मारली, तेव्हा संघातील सर्वांत नामवंत खेळाडू मिगेल इंदुराइन याने पाठलागात भाग घेतला नाही. स्पेनला या शर्यतीतील पहिले अजिंक्यपद मिळाले व इंदुराइन दुसरा आला. इटलीने तर परस्परविरोधी नायकांना एकत्र आणण्याचे काम राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे सोपविले. आल्फ्रेदो मार्तीनी (१९२१–२०१४) याच्या प्रशिक्षणाखाली १९७५ नंतरच्या दोन दशकांत इटलीने सहा अजिंक्यपदे मिळविली. २००२ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे तर संपूर्ण इटालियन संघ अखेरच्या धावेत वेगवान असलेल्या मारिओ चिपोल्लीनी याच्या दिमतीस राहिला आणि त्यास विजयी करूनच थांबला.

बदलत्या सीमा : राष्ट्रांच्या नावाखाली केलेली गणना राजकीय इतिहासापासून अलग करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व यूरोपातील समाजवादी देशांत व्यावसायिक खेळास मान्यता नव्हती. तेथील खेळाडू नावाने हौशी असले, तरी त्यांचे प्रशिक्षण राज्याच्या खर्चाने व पूर्णवेळ चाले. त्यामुळे पूर्व जर्मनी, पोलंड व सोव्हिएट रशिया हे देश हौशी खेळाडूंच्या शर्यतींत प्रबळ ठरले. पोलंडच्या रिशार्ड शुर्कोव्हस्की (१९७३) व यानुश कोव्हाल्स्की (१९७४) यांनी लागोपाठ दोन वर्षी हौशी अजिंक्यपद मिळविले. व्यावसायिकांच्या यादीत मात्र या देशांची नावे दिसत नाहीत. याचा अर्थ तेथे समर्थ खेळाडू नव्हते असा नव्हे, तर ते दुसऱ्या शर्यतीत होते, एवढाच आहे. १९९० नंतर ही तटबंदी कोसळली व नवस्वतंत्र राष्ट्रे यादीत येऊ लागली. २००० साली पुरुषांची मुख्य शर्यत लाटव्हियाच्या, कालमापन शर्यत युक्रेनच्या व महिलांची मुख्य शर्यत बेलारूसच्या खेळाडूने जिंकली. युक्रेनमधील युद्धानंतर, २०२२ मध्ये, रशिया व बेलारूस यांच्या राष्ट्रीय संघांना आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने आपल्या स्पर्धांत भाग घेण्यास मज्जाव केला.

राष्ट्रसंघाच्या कल्पनेबाबत स्वतः महासंघाचे धोरणही एकसारखे राहिलेले नाही. १९६२ पासून १९९४ पर्यंत चार हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघांची कालमापन शर्यत होत असे. २०१२ ते २०१८ या काळात संघ-कालमापन शर्यत व्यापारी संघांत घेण्यात आली. २०१९ पासून तीन पुरुष व तीन महिला यांच्या राष्ट्रीय संघाची मिश्र शर्यत सुरू झाली. ती नेदर्लंड्स (२०१९), जर्मनी (२०२१), स्वित्झर्लंड (२०२२ व २०२३) व ऑस्ट्रेलिया (२०२४ व २०२५) यांनी जिंकली आहे. पुरुष व महिला या दोन्ही गटांची कामगिरी वेळेत धरली जात असल्याने राष्ट्राच्या एकूण बळाचे मापन या शर्यतीत त्यातल्या त्यात थेटपणे होते.

यूरोपबाहेरील राष्ट्रे व किगाली : ही स्पर्धा दीर्घकाळ यूरोपातच भरत असे. १९७४ मध्ये मॉंट्रिऑल (कॅनडा) व १९७७ मध्ये सान क्रिस्तोबाल (व्हेनेझुएला) येथे ती झाली. पुढे जपान, कोलंबिया, ऑस्ट्रेलिया, कतार इ. देशांनीही ती भरविली. आफ्रिका खंडात मात्र ती प्रथमच सप्टेंबर २०२५ मध्ये, रुआंडाची राजधानी किगाली येथे झाली. सु. १,५०० मी. उंचीवरील या डोंगराळ शहरातील पुरुषांची शर्यत २६७.५ कि.मी.ची होती व केवळ ३० स्पर्धकांनी ती पूर्ण केली. महिलांच्या शर्यतीत नामांकित खेळाडू परस्परांवर पहारा ठेवीत राहिल्या आणि कॅनडाची माग्देलेन व्हालिएर विजयी झाली. कॅनडाला या शर्यतीत मिळालेला हा पहिलाच विजय होय.

आफ्रिकेतील एरिट्रिया या देशात सायकल शर्यती अतिशय लोकप्रिय आहेत. त्या देशाच्या बिनियम गिरमाय याने २०२१ मध्ये बेल्जियममधील लूव्हन येथे तेवीस वर्षांखालील शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला. या स्पर्धेत पदक मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू ठरला. २०२५ अखेर आफ्रिकेतील कोणत्याही राष्ट्रास पुरुषांची मुख्य शर्यत जिंकता आलेली नाही. कोलंबियासारख्या देशालाही तो मान मिळालेला नाही. त्याच्या सांतिआगो बोतेरो याने २००२ मध्ये कालमापन शर्यत जिंकली आहे. या स्पर्धेच्या विजेत्यांत भारताचे नाव नाही.

यामागील कारण केवळ गुणवत्तेचा अभाव हे नव्हे. क्रमवारीचे गुण प्रामुख्याने यूरोपातील शर्यतींत मिळतात. तेथे जाऊन राहण्याचा व खेळण्याचा खर्च मोठा असतो. गुण नसल्यास जागा कमी मिळतात आणि जागा कमी असल्यास नायकास आडोसा देण्यास सहकारी उरत नाहीत. एकच खेळाडू उतरविणाऱ्या राष्ट्राची आठ जणांच्या संघाशी केलेली तुलना समान पातळीवरची नसते. म्हणून जागतिक अजिंक्यपदांच्या यादीवरून राष्ट्रांचा क्रम लावताना किती पदके मिळाली याबरोबरच ती किती खेळाडूंनी, कोणत्या शर्यतीत, कोणत्या काळात व किती सहकाऱ्यांच्या बळावर मिळविली, हेही पाहणे आवश्यक ठरते.